वस्तऱ्यानं स्वतःची दाढी शिकायची असेल तर आधी गालापुरतीच शिका

उघड्या वस्तऱ्यानं दाढी म्हटलं की पहिली भीती हाताचीच वाटते, हात थरथरला तर, गळा कापला तर, वगैरे. पण सुरुवात करून मध्येच सोडून देणारे बरेचसे लोक कापलं म्हणून सोडत नाहीत, ओढतंय म्हणून सोडतात. केस कापले जायच्या ऐवजी खेचले जातात, डोळ्यात पाणी येतं, गाल दोन दिवस चुरचुरतो आणि मग वस्तरा कायमचा ड्रॉवरमध्ये. त्यातल्या बऱ्याच जणांचा हात चांगला असतो, धारच नसते. म्हणून आधी धारेबद्दल, मग ती धार सरळ ठेवणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याबद्दल आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी येऊ, थोडा धीर धरा.

वस्तरा कुठला घ्यायचा? मधल्या मापाचा. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, ५/८ किंवा ६/८ नवशिक्याला बरोबर बसतो. ४/८ चपळ असतो पण फेस लगेच भरतो आणि सारखा धुवावा लागतो, ७/८ च्या वरचे जड, नाकाखाली वळवताना अडचण. टोक गोल असलेलाच घ्या, चौकोनी टोकाचा वस्तरा दिसायला भारी असतो आणि मिशीची कड काढायला मस्त, पण तो कोपरा कानाच्या पाळीत कधी घुसला ते रक्त आल्यावरच कळतं. कार्बन स्टीलला धार लावणं सोपं पण गंज पटकन धरतो, स्टेनलेस नेमकं उलटं. दोन्ही चालतात. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, त्याला हॉलो ग्राइंड म्हणतात, पूर्ण हॉलो पातं हलकं आणि केस कापताना आवाज करणारं, वेज म्हणजे जवळजवळ पाचरीसारखं जाड आणि गप्प. तो आवाज नवशिक्याच्या कामाचा आहे, पुढे सांगतो.

जुना वस्तरा मिळत असेल तर लाजू नका. इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही दोन गावं या कामासाठी जगभर नावाजलेली, तिथले शंभर वर्षांपूर्वीचे वस्तरे आजही दाढी करतात. फक्त बघून घ्या की धारेला चीर नाही, धारेच्या अगदी जवळ गंजाचे खड्डे नाहीत, पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड, दोन्हीकडून सारखी झिजलीये आणि वस्तरा मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतंय. पाठीवर थोडे डाग असले तर असू देत, दाढी पाठीनं करायची नाहीये. टाळायचं ते म्हणजे चकचकीत, नक्षीदार, संशयास्पद स्वस्त नवे वस्तरे, त्यातले कित्येक फक्त वस्तऱ्याच्या आकाराच्या वस्तू असतात, कितीही घासा, धार टिकतच नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा वस्तरा, चांगल्या कंपनीचा असला तरी, डब्यातून काढला आणि दाढी केली असं बरेचदा होत नाही. कारखान्यातली धार ही शेवटची धार असेलच याची खात्री नसते. विकणाऱ्याला सरळ विचारायचं, हा शेव्ह रेडी, म्हणजे थेट दाढी करता येईल अशा धारेचा, आहे का, दगडावर फिनिशिंग झालंय का, कोणी केलंय. उत्तर गुळमुळीत आलं तर धार लावणाऱ्या जाणकाराकडून एकदा लावून घ्या, स्वतः प्रयोग करू नका. धार लावताना १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर धारेचा कोन बसवायचा, मग ४०००-५०००, मग ८०००, मग १२००० किंवा एखादा बारीक नैसर्गिक दगड, पाठ आणि धार दोन्ही सतत दगडाला टेकलेली. हे वेगळं शिक्षण आहे आणि त्याला वेळ लागतो. दाढी आणि दगड एकत्र शिकायला गेलं की काय बिघडलंय तेच कळत नाही, हात चुकतोय की धार, आणि दोन्हीकडे अंदाजपंचे चालू राहतं. पहिला वस्तरा तयार धारेचा घ्या म्हणजे निदान एक गोष्ट तरी पक्की राहील.

धार आहे की नाही कसं बघायचं तर हाताच्या केसांवर. त्वचेपासून साधारण अर्धा सेंटीमीटर वर पातं हळू फिरवा, केसांची टोकं टपटप तुटली तर चांगलं लक्षण. एक केस हवेत धरून धारेवर सोडायचा तो प्रकार व्हिडिओत छान दिसतो, पण केस जाड की बारीक, धुतलेला की तेलकट, यावर निकाल बदलतो, त्यावर फार भरवसा ठेवू नका. अंगठा धारेच्या लांबीनं तर अजिबात फिरवायचा नाही.

ब्लेड बदलायचा वस्तरा, ज्याला शॅव्हेट म्हणतात, त्यानं सुरुवात करू का, असं खूप जण विचारतात. सलूनमध्ये तोच असतो कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालता येतं, स्वच्छतेच्या दृष्टीनं तेच बरोबर. घरी त्याचा फायदा एवढाच की पट्टा नको, दगड नको, धार कायम ताजी. पण तो हलका असतो, ब्लेड पातळ आणि कडक, कोन जरा चुकला की माफी नाही. खऱ्या वस्तऱ्याला वजन असतं, ते वजनच काम करतं आणि पट्ट्यावरची धार त्वचेला जरा मऊ लागते. त्यामुळे शॅव्हेट म्हणजे सोपी पहिली पायरी हे मला तरी पटत नाही. हा प्रकार आपल्याला आवडेल का एवढंच बघायचं असेल तर घ्या, पण त्यावर ओरखडे आले म्हणून खऱ्या वस्तऱ्याबद्दल मत बनवू नका.

आता पट्टा. चामड्याचा पट्टा, मागे कॅनव्हास किंवा लिनन, एक टोक हुकला अडकवलेलं आणि दुसरं हातात. दाढीच्या आधी दर वेळी यावर वस्तरा मारायचाच, हा आळस चालत नाही. धारेची कड इतकी बारीक असते की एका दाढीनंसुद्धा ती ठिकठिकाणी वाकडी होते, पट्टा तिला परत सरळ करतो. स्टीलपेक्षा केस सुमारे ५० पट मऊ असतो तरी धार जाते कशी, यावर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये काम केलं होतं, साध्या डिस्पोजेबल ब्लेडवर, त्यात दिसलं की धार नुसती झिजत नाही, केस तिरका वाकला आणि त्या जागी स्टील एकसारखं नसलं तर कडेचा सूक्ष्म टवका उडतो. टवका पट्ट्यानं भरून येत नाही, त्याला शेवटी दगडच लागतो, पण रोजची वाकडी झालेली कड पट्टा नक्की सांभाळतो.

पट्टा मारायची रीत अशी. पट्टा ताठ ओढून धरा, सैल सोडला की तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. पातं पूर्ण आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. पाठ पुढे, धार मागे, असं ओढत न्या. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवर उलटा करायचा, म्हणजे पाठ चामड्यावरच राहते आणि धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते, मग परत. धार खाली ठेवून उलटवलं की पट्टा कापला म्हणून समजा, आणि धारही गेली. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर सरळ न जाता थोडं तिरकं न्यायचं, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग चामड्यावरून जातो. कॅनव्हासवर २०-३० फेऱ्या, चामड्यावर ५०-६०, जाणं-येणं मिळून एक फेरी. दाब नाही, वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. सिनेमातला न्हावी जसा सटासट मारतो ते विसरा, वेगाचा धारेला काही फायदा नाही, तो सवयीनं आपोआप येतो. पहिला पट्टा साधा घ्या, सुरुवातीला त्याला चिरा पडणारच, महागडा पट्टा नंतर. छोटी चीर पडली तर तिची उचललेली कड बारीक सँडपेपरनं घासून सपाट करा, नाहीतर प्रत्येक फेरीत धार तिथेच अडखळेल.

हे हातात बसेपर्यंत चेहऱ्याला वस्तरा लावायची घाई नको. तोपर्यंत दुसरं एक काम करून ठेवा, आपल्या दाढीचा नकाशा. एक दिवसाचे खुंट असताना बोटानं सगळीकडे फिरवून बघा, ज्या दिशेनं गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, खरखरीत लागतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात पण गळ्यावर काय वाट्टेल ते असतं, कोणाचे आडवे, कोणाचे खालून वर, कोणाच्या हनुवटीखाली भोवरा. हे माहीत नसताना नुसतं वरून खाली केलं की गळ्याची आग होते आणि दोष वस्तऱ्याला मिळतो.

दाढीचा दिवस निवांत असू दे. उजेड चांगला, दार बंद, लहान मूल किंवा मांजर आत नको, फोन बाहेर. बेसिनमध्ये टॉवेल घालून ठेवा, वस्तरा नळाला हलका जरी टेकला तरी टवका जातो. पायात चप्पल असू दे. आणि वस्तरा हातातून सुटला तर झेलायचा नाही! हात वर, पाय मागे. पडू दे त्याला. हे मनाला आधीच सांगून ठेवावं लागतं कारण हात सवयीनं पुढे जातोच.

आंघोळीनंतर लगेच दाढी करा, किंवा दोन-तीन मिनिटं गरम ओला टॉवेल चेहऱ्यावर ठेवा. केस पाणी पितो आणि बराच मऊ पडतो, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच. साबण किंवा क्रीम ब्रशनं घोळा, डब्यातला तयार फोम नको, तो हवेनं फुगलेला असतो आणि लवकर सुकतो. फेसात बुडबुडे दिसत असतील तर पाणी थोडं थोडं घालत आणखी घोळा, चकाकायला लागला की झाला. थर पातळच बरा. तुम्हाला हळू जायचंय, तेवढ्यात फेस वाळला तर परत लावा, वाळलेल्या फेसावर वस्तरा चालवायचा नाही.

पकड. मूठ आणि पातं यांच्यामध्ये जो दांडा असतो तिथे अंगठा खालून, तीन बोटं वरून, करंगळी मागच्या शेपटीवर, मूठ वर उघडलेली. घट्ट आवळू नका. आरशासमोर लाकडी फूटपट्टी घेऊन आधी हा खेळ दोन्ही हातांनी करून बघा, उजवा हात डाव्या गालावर नेला की आपलाच हात आरसा झाकतो आणि कोपर कुठे ठेवायचं तेच समजत नाही. उजव्या गालाला उजवा, डाव्या गालाला डावा ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, असं माझं मत. डावा हात सुरुवातीला अडाणी वाटतो पण त्याला वाईट सवयी नसतात, दाब देत नाही, कित्येकांचा डावाच गाल आधी नीट जमतो. ज्यांना अजिबातच जमत नाही ते एकाच हातानं करतात, तेही चालतं.

कोन साधारण ३० अंश. तो मोजायचा कसा तर पातं आधी गालावर आडवं टेकवा आणि मग पाठ उचला, पाठीच्या जाडीच्या साधारण दुप्पट उंच. एवढंच. जास्त उचललं की धार खरवडते आणि कापते, फारच सपाट ठेवलं की केस ओढते. दुसऱ्या हातानं त्वचा ताणा, हे कोनाइतकंच महत्त्वाचं आहे, ढिल्या त्वचेवर धार पुढे सुरकुती ढकलत जाते आणि त्याच सुरकुतीत घुसते. फेसावर बोट घसरतं म्हणून ताणायची बोटं कोरडी ठेवा किंवा ओल्या तुरटीवर घासून घ्या, पकड येते.

पहिल्या दिवशी फक्त गाल. कल्ल्यापाशी बोटांनी त्वचा वर ताणा, पातं टेकवा, केसांच्या दिशेनं खाली, एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर, थांबा, पातं पुसा, पुढचं. दाब शून्य, वजन वस्तऱ्याचं आणि दिशा तुमची. वस्तरा नेहमी धारेला काटकोनात पुढे जातो, धारेच्या लांबीनं बाजूला सरकला की ती सुरी झाली, मोठ्या जखमा अशाच होतात. पातं चेहऱ्यावर टेकलेलं असताना जागा बदलायची नाही, आधी उचला, मग हलवा. आणि पात्याची टाच, म्हणजे दांड्याकडचा कोपरा, कानाला लागत नाही ना यावर नजर ठेवा, बहुतेक चिरा टोकानं आणि टाचेनं पडतात, मधल्या धारेनं क्वचितच. दोन्ही गाल झाले की वस्तरा खाली ठेवा, बाकीची दाढी नेहमीच्या रेझरनं संपवा. यात कमीपणा काही नाही.

गाल सलग काही वेळा न जळता, न खरचटता गुळगुळीत झाले की जबड्याची कड घ्या. तिथे युक्ती अशी की जबड्याखालची त्वचा ओढून वर गालाच्या हाडावर आणायची, म्हणजे कडेवर चालायच्या ऐवजी सपाटीवर चालता येतं. मग गळा, मान मागे, त्वचा खाली ओढलेली, कंठमणी आला की त्वचाच बाजूला सरकवून घ्यायची म्हणजे तो पात्याखालून निघून जातो. मग वरचा ओठ, नाक बोटानं वर उचलायचं, ओठ दातांवर ताणून घ्यायचा आणि अगदी छोटे छोटे घास, एक सेंटीमीटरसुद्धा नाही. हनुवटी सगळ्यात शेवटी. तिथे केस सगळ्यात जाड, आकार गोल, दिशा भोवऱ्यासारखी, म्हणजे तिन्ही अडचणी एकाच जागी. खालचा ओठ दातांवर आत ओढून हनुवटी ताठ करा आणि पात्याचा मधला थोडासाच भाग वापरा. महिनाभर हनुवटी रेझरनंच केली तरी काही बिघडत नाही.

एकाच फेरीत चिकनी दाढी व्हायला पाहिजे हा हट्ट सोडा. केसांच्या दिशेनं एक फेरी, ती जमली की परत फेस लावून आडवी दुसरी. उलट्या दिशेची फेरी काही महिने तरी नको, ज्यांचे केस कुरळे आहेत आणि त्वचेत आत वळून फोड येतात त्यांनी तर कधीच नको.

ऐकायला शिका. हॉलो पातं नीट चालत असेल तर केस तुटल्याचा करकर आवाज स्पष्ट येतो. आवाज एकदम बंद झाला तर दाब पडतोय किंवा फेस सुकलाय, खरवडल्यासारखा आला तर कोन मोठा झालाय. ओढायला लागलं की क्रमानं तपासा, फेस ओला आहे का, पातं फार सपाट झालं का, पट्टा नीट मारला होता का. तिन्ही ठीक असूनही ओढत असेल तर धार संपलीये, त्या दिवशी तिथेच थांबा. चिडून दाब वाढवणं हेच सगळ्यात धोक्याचं.

छोट्या चिरेला गार पाणी आणि तुरटी पुरते. खोल गेलं तर स्वच्छ कापड न उचलता दहा मिनिटं दाबून धरा, तरी थांबलं नाही तर डॉक्टर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही, आणि चेहऱ्यावर पिकलेले मुरुम असतील तेव्हा कोणीच करू नये. वस्तरा एकाचाच, घरातल्या दुसऱ्या कोणालाही वापरायला द्यायचा नाही, भावालाही नाही.

दाढी झाली की पातं धुवा, पण नळावर आपटू नका. टिश्यूनं पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या फटीत पाणी राहतं तेही टिपून घ्या, आणि काही तास उघडाच ठेवा, लगेच मिटला की ओल आत कोंडते. लाकडाची किंवा शिंगाची मूठ पाण्यात भिजवायची नाही. वस्तरा ओल्या बाथरूममध्ये किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये कायमचा ठेवला की गंज ठरलेला. रोज वापरत नसाल तर मिनरल ऑइलचा एक थेंब पुसट फिरवा. पूर्वी सात वस्तऱ्यांचे संच मिळायचे, पात्यांवर वारांची नावं, रोज एक. हौस असेल तर ठीक, गरज नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, दाढी किती जाड आणि पट्टा किती नीट यावर आहे, पट्टा मारूनही ओढायला लागेल. तेव्हा लगेच दगडाकडे धावायची गरज नाही. क्रोमियम ऑक्साइडची ०.५ मायक्रॉनची हिरवी पेस्ट वेगळ्या पट्ट्यावर किंवा बाल्सा लाकडाच्या सपाट फळीवर लावा आणि दहा-पंधरा फेऱ्या द्या, मग नेहमीचं चामडं. मुख्य पट्ट्याला पेस्ट लावायची नाही, ती परत निघत नाही. ही युक्ती काही वेळा चालते, नंतर फरक पडेनासा होतो, मग वस्तरा दगडावर जायला हवा. तोपर्यंत खरी धार गालाला कशी लागते ते तुम्हाला कळलेलं असतं, त्यामुळे दगड शिकायचाच असेल तर आता शिका, पण एखाद्या जुन्या दुसऱ्या वस्तऱ्यावर, पाठीवर टेप लावून. चांगला वस्तरा मात्र ज्यानं पहिल्यांदा लावला होता त्याच्याकडेच पाठवा.